फ्लास्क शिकताय? पहिलं ॲप शून्यापासून, अडखळायच्या जागांसकट

पायथन थोडंफार येतं, म्हणजे फंक्शन लिहिता येतं, लिस्ट-डिक्शनरी कळते, स्क्रिप्ट टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालवून दाखवता येते, पण आता तीच गोष्ट ब्राउझरमध्ये दिसायला हवी आणि दुसऱ्या कुणीतरी फोनवरून उघडून वापरायला हवी, अशा ठिकाणी जे अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. फ्लास्क आणि जँगो ही दोन्ही पायथनमध्ये वेबसाइट बनवायची फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे. वेबचा काहीच अनुभव नसेल तर सरळ जँगोकडे जाऊ नका असं माझं मत आहे. जँगो वाईट नाही, मोठ्या कामाला तेच घ्या, पण पहिल्याच दिवशी सेटिंग्ज, मायग्रेशन, ॲडमिन, मॉडेल असं सगळं एकदम अंगावर येतं आणि ब्राउझरने पान मागितल्यावर आत नेमकं काय होतं हा मूळ प्रश्न तसाच राहतो. फ्लास्क एवढं छोटं आहे की त्यात हे लपवायला जागाच नाही.

त्याचा जन्मही मजेशीर आहे. आर्मिन रोनाखर नावाच्या ऑस्ट्रियन प्रोग्रॅमरने १ एप्रिल २०१० ला एप्रिल फूल म्हणून एक फ्रेमवर्क सोडलं, सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलेलं, कारण तेव्हा एका फाइलच्या फ्रेमवर्कची फॅशन होती आणि त्याला तिची टिंगल करायची होती. लोकांनी ते मनावरच घेतलं, मग त्याच महिन्यात त्याने खरंखुरं फ्लास्क काढलं. १.० व्हर्जन यायला मात्र २०१८ उजाडलं. आता ३ ची मालिका चालू आहे आणि पॅलेट्स नावाचा ग्रुप सगळं सांभाळतो.

मायक्रो फ्रेमवर्क म्हणतात म्हणून ते फक्त खेळण्यासाठी असं समजू नका. गाभा छोटा एवढाच त्याचा अर्थ. डेटाबेस कुठला, लॉगिन कसं, फॉर्म कसा तपासायचा, हे फ्लास्क ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं.

उदाहरण म्हणून सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची वही करू. नाव, फ्लॅट, रक्कम, खाली एकूण. कोड मी फोनवर सांगावा तसा सांगणार आहे, टाइप तुम्ही इंग्रजीत करायचा, आकडेसुद्धा इंग्रजी, सगळं स्मॉल लेटर्समध्ये, कॅपिटल लागेल तिथे सांगेन. कॉपी-पेस्ट करता येणार नाही, आणि नवीन माणसासाठी ते बरंच आहे.

पायरी १ : एन्व्हायर्न्मेंट

एन्व्हायर्न्मेंट म्हणजे फक्त या प्रोजेक्टची पॅकेजेस ठेवायची वेगळी जागा. पायथन ३.१० किंवा त्यापुढचं असलं की निर्धास्त. एक रिकामा फोल्डर करा, टर्मिनलमध्ये त्यात जा आणि टाइप करा: पायथन, स्पेस, डॅश एम, स्पेस, व्ही-ई-एन-व्ही, स्पेस, ई-एन-व्ही. शेवटचं ई-एन-व्ही हे फोल्डरचं नाव आहे, दुसरं काही ठेवलंत तरी चालेल. मॅक आणि लिनक्सवर पायथनच्या पुढे ३ लावा. उबुंटूवर व्ही-ई-एन-व्ही सापडत नाही म्हणाला तर ते पॅकेज ॲप्टने वेगळं टाकावं लागतं.

मग ते चालू करायचं. विंडोजवर ई-एन-व्ही, बॅकस्लॅश, स्क्रिप्ट्स, बॅकस्लॅश, ॲक्टिव्हेट. बाकीच्यांनी सोर्स, स्पेस, ई-एन-व्ही, स्लॅश, बिन, स्लॅश, ॲक्टिव्हेट. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये इथे बऱ्याच जणांना लाल अक्षरात स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही असा एरर येतो, तेव्हा पॉलिसी वगैरे बदलत बसण्यापेक्षा साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पुढे चला. ओळीच्या सुरुवातीला कंसात ई-एन-व्ही दिसायला लागलं की झालं. दर वेळी नवीन टर्मिनल उघडलं की हे परत करायचं, हे विसरलं की 'काल चालत होतं, आज फ्लास्क सापडत नाही म्हणतोय' हा प्रश्न येतो.

हा खटाटोप कशाला, थेट पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या प्रोग्रॅमने, फ्लास्क का टाकू नये? कारण नव्या उबुंटू आणि डेबियनवर तसं करूच देत नाहीत, आणि विंडोजवर करू दिलं तरी पुढे दुसऱ्या प्रोजेक्टला वेगळं व्हर्जन लागलं की दोन्हींचा बोऱ्या वाजतो.

आता पिप इन्स्टॉल फ्लास्क. एकटं फ्लास्क येत नाही, सोबत आणखी पाच-सहा नावं येताना दिसतील. त्यातली दोन ओळखून ठेवा. वर्कझॉइग म्हणजे ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट उलगडणारा आणि कुठल्या पत्त्याला कुठलं फंक्शन हे जुळवणारा भाग, आणि जिंजा म्हणजे एचटीएमएलमध्ये तुमची माहिती भरणारा भाग. फ्लास्क स्वतः बऱ्यापैकी या दोघांना बांधणारी दोरी आहे. एरर आला की त्यात ही नावं दिसतात, तेव्हा हे कोण परके असं वाटायला नको.

पायरी २ : पाच ओळी

फाइलचं नाव ॲप डॉट पीवाय. फाइलला फ्लास्क डॉट पीवाय नाव देऊ नका, कधीच, कारण मग पायथन खरं फ्लास्क सोडून तुमचीच फाइल इम्पोर्ट करायला जातो आणि एरर असा गोल गोल येतो की डोकं फिरतं.

पहिली ओळ: फ्रॉम फ्लास्क इम्पोर्ट फ्लास्क, यातल्या दुसऱ्या फ्लास्कचा एफ कॅपिटल. दुसरी: ॲप, बरोबरचं चिन्ह, कॅपिटल एफवालं फ्लास्क, कंसात नेम, नेमच्या आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोर. एक ओळ मोकळी सोडा. तिसरी: ॲट चिन्ह, लगेच ॲप, डॉट, रूट, कंसात अवतरणचिन्हांमध्ये नुसता एक स्लॅश. चौथी: डेफ, होम, रिकामा कंस, कोलन. पाचवी आत सरकवून: रिटर्न, आणि अवतरणात 'गणपती बाप्पा मोरया', हे खुशाल देवनागरीत.

टर्मिनलमध्ये फ्लास्क, स्पेस, रन, स्पेस, डॅश डॅश डिबग. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ कोलन ५००० उघडा. मराठी नीट दिसेल, चौकोन येणार नाहीत, कारण फ्लास्क उत्तर पाठवताना हा मजकूर यूटीएफ-८ आहे असं हेडरमध्येच सांगतो.

मॅकवाल्यांना इथे अडचण येऊ शकते. माँटेरेपासून मॅकमधला एअरप्ले रिसीव्हर ५००० नंबरच्या पोर्टवर बसलेला असतो. कमांडच्या शेवटी डॅश डॅश पोर्ट ५००१ लावा, विषय संपला. आणखी एक, काही जण पायथन ॲप डॉट पीवाय असं चालवतात आणि काहीच होत नाही, एररही नाही, टर्मिनल नुसतं परत येतं. बरोबरच आहे, फाइलमध्ये ॲप चालव असं कुठे लिहिलंय? फ्लास्क रन ते काम बाहेरून करतं.

आता तिसऱ्या ओळीकडे जरा थांबून बघा, कारण सगळं फ्लास्क तिथे आहे. ॲटवाली ती ओळ खालच्या फंक्शनची नोंद एका यादीत करून ठेवते: कुणी नुसता स्लॅश मागितला तर होम हे फंक्शन चालव आणि ते जे परत देईल ते ब्राउझरला पाठव. बस. पत्ता आला, फंक्शन चाललं, मजकूर परत गेला. यापुढे जे काही शिकाल, टेम्प्लेट, फॉर्म, डेटाबेस, ते या फंक्शनच्या आत काय करायचं एवढंच आहे, त्यामुळे कुठेही गोंधळ झाला की स्वतःला विचारा, कुठला पत्ता आला, कुठलं फंक्शन चाललं आणि त्याने काय परत दिलं. फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक प्रिंट टाका, टर्मिनलमध्ये दिसतं का बघा. दिसलं नाही म्हणजे तिथपर्यंत गाडी पोचतच नाहीये, मग आतला कोड तपासण्यात अर्थ नाही.

पत्त्यातून माहितीही घेता येते. रूटमध्ये स्लॅश, फ्लॅट, स्लॅश आणि मग त्रिकोणी कंसात इंट, कोलन, नंबर असं लिहिलं आणि खाली फंक्शनच्या कंसात नंबर लिहिलं की काम झालं. दोन्हीकडे नाव तंतोतंत तेच हवं. शेवटच्या स्लॅशची मात्र गंमत आहे. रूट लिहिताना शेवटी स्लॅश दिला असेल तर बिनस्लॅशचा पत्ता टाकला तरी फ्लास्क तुम्हाला तिकडे वळवतो, पण रूट बिनस्लॅशचा असेल आणि कुणी स्लॅश लावून आलं तर सरळ ४०४.

पायरी ३ : टेम्प्लेट

एचटीएमएल पायथनच्या अवतरणात लिहीत बसायचं नाही. ॲप डॉट पीवायच्या शेजारी टेम्प्लेट्स नावाचा फोल्डर करा, शेवटी एस हवाच, स्मॉलमध्ये. त्यात यादी डॉट एचटीएमएल. पायथनमध्ये वरच्या इम्पोर्टच्या ओळीत रेंडर अंडरस्कोर टेम्प्लेट वाढवा आणि रिटर्नमध्ये ते वापरा, पहिलं फाइलचं नाव आणि मग जी माहिती पानाला द्यायची ती. टेम्प्लेट नॉट फाउंड आलं तर नव्वद टक्के वेळा एस राहिलेला असतो, नाहीतर फोल्डर चुकीच्या ठिकाणी असतो, नाहीतर नोटपॅडने गुपचूप शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवलेलं असतं.

टेम्प्लेटमध्ये दोनच खुणा पुरतात. दुहेरी महिरपी कंस म्हणजे इथे व्हॅल्यू छाप, आणि महिरपी कंस अधिक टक्क्याचं चिन्ह म्हणजे इथे फॉर किंवा इफ चालव. पायथनमध्ये आत सरकवलं की ब्लॉक होतो, इथे तसं नाही, एंडफॉर आणि एंडइफ हाताने लिहावं लागतं.

जिंजा एक मोठं काम न सांगता करतं. कुणी नावाच्या जागी स्क्रिप्टचा टॅग लिहून पाठवला तरी ते त्याचं निरुपद्रवी अक्षरांत रूपांतर करून छापतं, चालू देत नाही. करून बघा, एकदा डोळ्यांनी बघितलं की पटतं. पण हे डॉट एचटीएमएलसारखी शेपटी असलेल्या टेम्प्लेटलाच लागू असतं. आणि टेम्प्लेटमध्ये उभी रेघ मारून सेफ लिहा म्हणजे टॅग दिसतील असा सल्ला सगळीकडे मिळतो, बाहेरच्या माणसाने भरलेल्या मजकुराला तो कधीही लावू नका.

पायरी ४ : फॉर्म

नवीन लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. एचटीएमएलमध्ये फॉर्म, मेथड पोस्ट (म्हणजे नुसतं पान मागायचं नाही, माहिती पाठवायची), आत तीन इनपुट, एक बटण. प्रत्येक इनपुटला नेम हा ॲट्रिब्यूट हवा, आयडी नव्हे. आयडी सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी असतो, सर्व्हरकडे फक्त नेमवालं जातं. नेम विसरलात आणि पायथनमध्ये रिक्वेस्ट डॉट फॉर्मला चौकोनी कंस लावून ते मागितलं की ४०० बॅड रिक्वेस्ट. आणि बटण दाबल्यावर ४०५ आला तर रूटला पोस्ट चालतं हे सांगायचं राहिलंय, मेथड्स, बरोबरचं चिन्ह आणि चौकोनी कंसात गेट, पोस्ट, दोन्ही कॅपिटलमध्ये, अवतरणात.

आता रक्कम. फॉर्ममधून जे येतं ते कायम स्ट्रिंग असतं, त्याचा आकडा इंटने करायचा. मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरीत ५०१ टाइप केलं तर? काही करावं लागत नाही, पायथनच्या इंटला देवनागरी आकडे कळतात, ५०१ चा बरोबर पाचशे एक होतो. पण १,००१ असा स्वल्पविराम टाकून लिहिलं की इंट फुटतो आणि वापरणाऱ्याला ५०० नंबरच्या एररचं भेसूर पान दिसतं. आपल्याकडे माणसं स्वल्पविराम टाकणारच, काही जण पुढे रुपयाचं चिन्ह आणि मागे /- सुद्धा टाकतील, तेव्हा आधी रिप्लेसने ते काढा, मग इंट ट्राय-एक्सेप्टमध्ये करा, आणि नाहीच जमलं तर 'रक्कम आकड्यात लिहा' म्हणून तोच फॉर्म परत दाखवा.

नोंद झाल्यावर त्याच फंक्शनमधून थेट रेंडर टेम्प्लेट परत देऊ नका. चालतं, पण त्या पानावर माणसाने रिफ्रेश केलं की ब्राउझर फॉर्म परत पाठवायला निघतो, मध्ये एक विचित्र प्रश्न विचारतो, माणूस न वाचता ओके दाबतो आणि जोशी काकांची वर्गणी दोनदा जमा होते. वर्गणीच्या हिशोबात असं झालं तर मंडळात काय होईल ते मी सांगायला नको. उपाय म्हणजे रिटर्न रिडायरेक्ट, त्याच्या कंसात यूआरएल अंडरस्कोर फॉर आणि त्यात यादी दाखवणाऱ्या फंक्शनचं नाव. फंक्शनचं नाव, पत्ता नव्हे, इथे स्लॅश टाकलात तर बिल्ड एरर येतो.

पायरी ५ : नोंदी ठेवायच्या कुठे

पहिला मोह होतो तो वर एक रिकामी लिस्ट करून तिच्यात ॲपेंड करायचा. पाच मिनिटं छान चालतं. मग तुम्ही फाइल सेव्ह करता, डिबग मोडमुळे ॲप आपोआप रीस्टार्ट होतं, लिस्ट रिकामी. पुढे खऱ्या सर्व्हरवर एकाच ॲपच्या दोन-तीन प्रती चालतात, प्रत्येकीची लिस्ट वेगळी, त्यामुळे एकदा नाव दिसतं, रिफ्रेश केलं की गायब, परत केलं की हजर.

एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस वापरा, पायथनसोबतच येतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी वगैरे सुरुवातीला नको, चांगलं आहे, पण आधी साधी एसक्यूएल हाताने लिहा म्हणजे नंतर ते काय वाचवतं हे कळेल. वेगळ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये एकदाच टेबल बनवा, नाव टेक्स्ट, फ्लॅटही टेक्स्ट कारण तो ए-१०२ असतो, रक्कम इंटिजर. मग प्रत्येक फंक्शनमध्ये कनेक्शन उघडा, काम करा, बंद करा. वर एकदाच ग्लोबल उघडून ठेवलंत तर दुसऱ्या थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वेगळ्या धाग्यात) वापरता येत नाही असा एरर येईल, कारण फ्लास्कचा सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतो.

इन्सर्टमध्ये व्हॅल्यू कधीही एफ-स्ट्रिंगने चिकटवू नका, त्या जागी प्रश्नचिन्हं टाका आणि व्हॅल्यू वेगळ्या टपलमध्ये द्या. एफ-स्ट्रिंग केलीत तर कुणीतरी नावाच्या जागी एसक्यूएल लिहून तुमच्या वहीत ढवळाढवळ करू शकतो. टपलमध्ये एकच व्हॅल्यू असेल तर तिच्यामागे स्वल्पविराम हवा. तो नसेल तर पायथन अख्ख्या स्ट्रिंगलाच यादी समजतो आणि तक्रार करतो की हवी होती एक व्हॅल्यू, तुम्ही दिल्या पाच. नाव सुनील असेल तर पाच, कारण स, उकार, न, वेलांटी, ल असं सगळं सुटं मोजलं जातं. हा आकडा नावाप्रमाणे बदलत राहतो म्हणून माणूस अजूनच चक्रावतो.

कमिट विसरू नका, नाहीतर एरर न येता नोंद हवेत विरते. आणि 'नो सच टेबल' आलं, टेबल तर नक्की बनवलं होतं, तर बहुतेक तुम्ही टर्मिनल दुसऱ्या फोल्डरमधून चालवलंय. एसक्यूलाइटला फाइल सापडली नाही की तो मुकाट्याने नवीन रिकामी बनवतो. फाइलचा पूर्ण पाथ द्या.

पायरी ६ : जेसन, जुनी ट्युटोरियल्स, पासवर्ड

हीच यादी फोन ॲपला द्यायची असेल तर फंक्शनमधून सरळ डिक्शनरी रिटर्न करा, फ्लास्क तिचा जेसन, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात तो मजकूर, करतो. पण मराठी नावांच्या जागी बॅकस्लॅश-यू आणि आकड्यांची माळ दिसेल. माहिती खराब झालेली नसते, समोरचा प्रोग्रॅम ती बरोबर वाचतो, फक्त आपल्या डोळ्यांना नको वाटतं. ॲप डॉट जेसन डॉट एन्शुअर अंडरस्कोर आस्की, बरोबरचं चिन्ह, फॉल्स केलं की अक्षरं दिसतात, फॉल्सचा एफ कॅपिटल. जुन्या ट्युटोरियलमध्ये यासाठी कॉन्फिगमध्ये जेसन ॲज आस्की असं काहीतरी सांगितलेलं असतं, ते २.३ मध्ये काढून टाकलंय. फ्लास्क-ई-एन-व्ही नावाचं सेटिंग आणि बिफोर फर्स्ट रिक्वेस्ट हेही त्याच व्हर्जनमध्ये गेलं. व्हिडिओमध्ये यातलं काही दिसलं तर तो जुना आहे असं समजा आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडा, फ्लास्कचं खरंच वाचण्यासारखं आहे.

लॉगिनसाठी सेशन, म्हणजे हा माणूस कोण हे पानापानांत लक्षात ठेवायची सोय, वापराल, त्याला सीक्रेट की लागते. सेशनची कुकी फक्त सही केलेली असते, कुलूपबंद नसते, म्हणजे कुणी बदलू शकत नाही पण वाचू शकतो, तेव्हा तिच्यात पासवर्ड वगैरे ठेवू नका. पासवर्ड डेटाबेसमध्ये ठेवतानाही वर्कझॉइगच्या जनरेट पासवर्ड हॅशमधून काढून ठेवा. सीक्रेट कीसुद्धा कोडमध्ये लिहून गिटहबवर चढवू नका.

पायरी ७ : दुसऱ्यांना दाखवणं

घरातल्याच वायफायवर फोनमध्ये बघायचं असेल तर फ्लास्क रनला डॅश डॅश होस्ट, ०.०.०.० लावा आणि फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी टाका. उघडलं नाही तर विंडोजच्या फायरवॉलकडे बघा. पण हे करताना डिबग काढा. डिबग मोडमध्ये एरर आला की ब्राउझरमध्ये जे पान येतं त्यात पायथन चालवायची सोय असते, म्हणजे समोरचा माणूस तुमच्या मशीनवर वाटेल तो कोड चालवू शकतो. तिला पिन असतो, पण त्या पिनच्या भरवशावर राहू नका.

इंटरनेटवर टाकायचं तर फ्लास्क रन हा त्यासाठीचा सर्व्हर नव्हेच, टर्मिनलमध्ये तो स्वतःच दर वेळी तसं सांगतो. लिनक्सवर गनिकॉर्न नावाचा सर्व्हर टाका आणि चालवताना गनिकॉर्न, स्पेस, ॲप, कोलन, ॲप लिहा, यातला पहिला ॲप म्हणजे फाइल आणि दुसरा म्हणजे आतला व्हेरिएबल. गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही, तिथे वेट्रेस घ्या. होस्टिंग निवडताना एकच गोष्ट आधी विचारा: डिस्कवरच्या फाइल्स टिकतात का? काही फुकट ठिकाणी ॲप रीस्टार्ट झालं की डिस्क कोरी होते, आणि एसक्यूलाइट म्हणजे शेवटी डिस्कवरची एक फाइलच. तसं असेल तर सर्व्हर-वाला डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेससारखं काहीतरी घ्यावं लागेल. चढवण्याआधी पिप फ्रीझचं आउटपुट रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटीमध्ये सेव्ह करा, ई-एन-व्हीचा फोल्डर मात्र चढवू नका.

ॲप डॉट पीवाय स्क्रोल करून करून बोट दुखायला लागलं की ब्लूप्रिंट, म्हणजे ॲप अनेक फाइल्समध्ये वाटायची फ्लास्कची सोय, शिका, त्याआधी नाही.